बसच्या पोटाखाली

आमच्या घरी नवा माणूस आला की त्याला पाणी द्यायच्या आधी खड्डा दाखवावा लागे, नाहीतर तो सरळ जाऊन त्यात पडायचा. घर अकोल्यात, पातूरच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथं. पुढं मोकळं अंगण, एका कडेला कडुनिंब, आणि अंगणाच्या मधोमध विटांनी बांधलेला लांबट, अरुंद खड्डा. आत उभं राहिलं की नजर जमिनीच्या पातळीला येई. गाडी हळूहळू खड्ड्यावर आणायची, डावी चाकं डाव्या काठावर, उजवी उजव्या काठावर, आणि माणसानं खाली उभं राहून गाडीच्या पोटाकडं बघत काम करायचं. लढाईच्या काळात माझे बाबा फौजेत ड्रायव्हर होते. गाड्यांना खालून गंज चढू द्यायचा नाही, हे काम ते तिथं शिकले आणि परत आल्यावर त्यावरच त्यांनी घर उभं केलं. सगळे त्यांना हवालदार म्हणत. गावात इंजिनाचे मिस्त्री पुष्कळ होते, पण गाडीच्या खालच्या अंगाकडं कुणी वाकून बघत नसे. बाबा गिऱ्हाइकाला सांगत, "इंजिन बिघडलं का बोंबलते, म्हून त्याच्याकडं सारे पायतात. चासी बिचारी गुपचूप सडते."

त्यात आपली वऱ्हाडची काळी माती. पावसाळ्यात ती मडगार्डच्या आत, कमानीच्या पाट्यांमध्ये, चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, कानाकोपऱ्यांत थापून बसते. वरून वाळलेली दिसते, पण आतल्या अंगाला ओल धरून ठेवते, आणि दिवाळी येईपर्यंत ती ओल लोखंड खात राहते. पातूरकडच्या, बार्शीटाकळीकडच्या गाड्या आमच्याकडं यायच्या तेव्हा त्यांच्या पोटाला अर्धं शेत चिकटलेलं असे. आधी पाणी मारून माती भिजवायची, मग खरवडणीनं सोडवायची, मग तारेच्या ब्रशानं घासायचं. गंज नुसता वरवरचा असला तर विटकरी भुकटी झडते आणि खालून लोखंड स्वच्छ, उजळ निघतं. पापुद्रे सुटायला लागले तर समजायचं की उशीर झाला. घासून झालं की घासलेटच्या फडक्यानं पुसायचं, मग लाल रंगाचा हात, तो पुरता वाळला की वरून पातळ केलेलं डांबर. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजू द्यायची नाहीत. सायलेन्सरला डांबर लागू द्यायचं नाही. ब्रेकच्या नळीजवळ ब्रश जपून न्यायचा. हे सगळं मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण मॅट्रिक झाल्यावरची दोन वर्षं मी त्या खड्ड्यात काढली.

आधी हे काम माझा मोठा भाऊ करायचा. बाबांचा डावा गुडघा फौजेतच गाडी उलटून निकामी झाला होता; तो वाकत नसे, त्यामुळं त्यांना खड्ड्याच्या पायऱ्या उतरता येत नसत. ते वर निंबाखाली स्टुलावर बसून सांगायचे आणि दादा खाली करायचा. दादाला भुसावळला रेल्वेत नोकरी लागली आणि तो गेला. बाबांनी माणसं ठेवून पाहिली. कुणाच्या डोळ्यांत माती गेली, कुणाला डांबराचा वास सोसेना, एकजण तर जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. त्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिक पास झाले होते. अमरावतीच्या बायकांच्या ट्रेनिंग शाळेत मला जागाही मिळाली होती. मास्तरीण व्हायचं, तिथल्या मावशीकडं राहायचं, असं सगळं ठरलं होतं. बाबा म्हणाले, "कुसुम, पावसाळा तोंडावर आला. गाड्या येऊन राह्यल्या. एवढा हंगाम सांभाळ माय, मंग जाय." मी दादाचा जुना शर्ट आणि पायजमा घालून खाली उतरले. मला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे.

पण पोरीच्या हातची गाडी म्हटल्यावर गिऱ्हाईक येणार नाही, आणि पुढं पोरीला स्थळही येणार नाही, अशी बाबांना धास्ती होती. म्हणून मी खाली आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही, असा घराचा नियम झाला. बाबा लोकांना सांगायचे की काम करणारा माणूस आता गेला, नाहीतर यायचा आहे. गिऱ्हाईक अंगणात शिरताना दिसलं की ते काठी जमिनीवर आपटायचे, आणि मी जिथं असेन तिथं हात थांबवून उभी राहायची. माय सकाळी माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सारून वरून चिंधी बांधायची, म्हणजे वाजणार नाहीत. गिऱ्हाईक चहा प्यायचं, कापसाच्या गोष्टी करायचं, कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगायचं, आणि मी त्याच्या गाडीखाली भिंतीला टेकून, नाकाशी फडकं धरून, त्याच्या चपला बघत राहायची. खोकला आला तर तो गिळायचा. गिळलेला खोकला छातीत कसा फिरतो ते मला माहीत आहे. कितीतरी माणसांना मी त्यांच्या पायांवरून ओळखत होते; त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं.

लहान गाडी, जीप वगैरे असली तर मागच्या पायऱ्यांवरून चढता-उतरता यायचं. लांब बस आली की तिचं बूड पायऱ्यांवर यायचं आणि खड्ड्याचं तोंड बंद व्हायचं. मग मी आधी खाली जाऊन उभी राहायची, मग बस वर यायची, आणि काम होऊन बस हलेपर्यंत मला वर येता येत नसे. माय बाजूच्या फटीतून भाकर आणि ठेचा खाली द्यायची, कधी अंबाडीची भाजी पानात बांधून. मी हाताला फडकं गुंडाळून खायची, तरी घासाला घासलेटचा वास यायचाच. संध्याकाळी माय बेसन आणि लिंबाची साल घेऊन माझे हात चोळत बसायची. बोटं निघायची, पण नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. एकदा चोळता चोळता म्हणाली, "तुह्या हाताले खडू लागाले पाह्यजे होता व."

पावसाळा झाला, दिवाळी झाली, अमरावतीची जागा गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, "माणूस पाहून राह्यलो ना मी. भेटला का जाय." त्यांनी खरोखर माणूस पाहिला का, मला ठाऊक नाही. माझा हात बसला होता, गाड्या चांगल्या निघत होत्या, लोक लांबून लांबून येत होते. जितकं माझं काम चांगलं, तितकी माझी सुटका लांब, हे मला कळायला लागलं होतं. वाईट काम करून बघावं असंही एकदा मनात आलं, पण हातात ब्रश आला की गंज तसाच टाकवत नसे.

आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्या वस्तीत पत्र्याचं विहार होतं, आणि दर रविवारी वंदनेनंतर बाबा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून चार शब्द बोलायचे. आवाज खणखणीत. "पोराइले शिकवा, आन् पोराइच्या आधी पोरीइले शिकवा. पोरगी शिकली का घर शिकते." माणसं माना डोलवायची. मी बायकांमध्ये पदराखाली हात लपवून बसलेली असायची. एकदा एका म्हातारीनं त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "हवालदार, तुमची पोरगी काय करून राह्यली मंग?" बाबा क्षणभरही थांबले नाहीत. "घरी अभ्यास करून राह्यली. अमरावतीले जाणार हाय." ते खोटं बोलताहेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत होतं. माणूस सगळ्या जगाला एक सांगतो आणि घरात दुसरं करतो, तेव्हा तो दर वेळी ढोंगी असतोच असं नाही, हे मी आता म्हणू शकते. तेव्हा म्हणू शकत नव्हते. तेव्हा मला त्यांच्या त्या खणखणीत आवाजाचा राग यायचा.

दोन वर्षं भरत आली होती, तेव्हा उन्हाळ्यात एक दिवस बार्शीटाकळीच्या खानचाचांची बस आली. खानचाचांची ही एकच बस, पेट्रोलची, जुनी, बार्शीटाकळी ते अकोला फेऱ्या करायची. माणूस मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा. सकाळी ते बस खड्ड्यावर लावून जठारपेठेत कुणाला भेटायला गेले आणि संध्याकाळी येतो म्हणाले. मी आधीच खाली होते. दुपारपर्यंत माती आणि गंज काढून झाला, लाल रंग पुढच्या अंगाला लावून झाला. ऊन असं होतं की वरचं लोखंड चुलीसारखं तापलं होतं. मी मागच्या टोकाला, पायऱ्यांजवळ, घासलेटचं फडकं फिरवत होते तेवढ्यात काठी आपटली. खानचाचा लवकर परतले होते.

मी थांबले. त्यांच्या चपला ओळखीच्या, टोकाला वर वळलेल्या. बाबांनी त्यांना खाट दिली, मायनं चहा ठेवला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग खानचाचा उठले आणि म्हणाले, "हवालदार, सायलेन्सर कुठंतरी फुटला का काय, पाहून घेऊ. आवाज भलताच येऊन राह्यला." बाबा म्हणाले, "संध्याकाळी पाहू ना." "अरे आताच पाहू, गाडी इथीच हाय." चपला बसच्या पुढं गेल्या. दार उघडलं. आणि माझ्या डोक्यावर इंजिन चालू झालं.

खड्ड्यात ते कसं वाटतं ते सांगणं अवघड आहे. आवाज कानात शिरत नाही, दातांत शिरतो. वरून गंजाची भुकटी झरझर खाली पडली. धुराची नळी मागच्या अंगाला, माझ्या डोक्याच्या वरच. मागं भिंत होती, पायऱ्यांवर बसचं बूड होतं. धुराला जायला जागा एकच, खाली. तो निळसर धूर पायऱ्या उतरून आल्यासारखा माझ्याकडं आला. मी पुढच्या टोकाकडं सरकले. मान वाकडी करून फटीतून पाहिलं तर बाबांची काठी दिसत होती आणि त्यांचा तो ताठ पाय. ते उभे होते. पाय जागचा हलत नव्हता. मला वाटलं, आता बोलतील. आता सांगतील, बंद कर. खानचाचांनी इंजिन जोरात रेटलं, कान देऊन ऐकायला. बाबांचा पाय तसाच. मी त्या पायाकडं बघत राहिले. मी ओरडले का नाही? मला पुष्कळांनी पुढं विचारलं. मला ओरडायचं सुचलंच नाही. इतके दिवस गप्प उभं राहण्याची सवय अंगात मुरली होती. गिऱ्हाईक वर असताना आवाज करायचा नाही, एवढंच शरीराला माहीत होतं. मी खोकला गिळत होते. डोकं जड झालं.

मग मी खरवडणीनं चासीवर मारलं. इंजिनच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार! पुन्हा मारलं, खरवडणी हातातून सुटली. शेवटी चाकाच्या मागच्या फटीतून मी हात बाहेर घातला, खांद्यापर्यंत. शर्टाची बाही फाटत वर गेली, चिंधी सुटली, बांगड्या मनगटावर घसरल्या आणि मी तो हात उन्हात जमिनीवर आपटत राहिले. काळा, लाल, रंगानं भरलेला हात आणि त्यात हिरव्या बांगड्या. दोनतीन फुटल्या. खानचाचांनी दारातून वाकून तो हात पाहिला.

इंजिन बंद झालं. "या अल्ला! नीचे कौन है? लडकी है?" स्वयंपाकघरातून माय चहाची कपबशी हातात घेऊनच धावत आली आणि ओरडली, "माही कुसुम हाय खाली! गाडी काढा! गाडी काढा!" कप कुठं पडला कुणास ठाऊक. इंजिन पुन्हा चालू करून चालणार नव्हतं. खानचाचा रस्त्यावर गेले, दिसेल त्या माणसाला हाका मारल्या. बैलगाडीवाले थांबले, सायकलवाले आले, समोरच्या पिठाच्या गिरणीतले पांढरे झालेले दोघं आले. सगळ्यांनी खांदे लावून बस पुढं ढकलली. पायऱ्या उघड्या झाल्या. माय खाली उतरली आणि मला काखेत धरून वर घेऊन आली. मी निंबाखाली पडून ओकले. आकाश फार उंच आणि पांढरं दिसत होतं. भोवती माणसांचं कडं होतं. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माझ्याकडं.

खानचाचांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. मग ते उठून बाबांसमोर गेले. त्यांचा तो मोठा आवाज अगदी बसला होता. "हवालदार, म्या गाडी चालू केली तवा तू माह्यासमोर उभा होता. तुले मालूम होतं. काहून बोलला नाई?"

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. लोक पांगेपर्यंत ते काठीवर दोन्ही हात ठेवून तिथंच उभे होते.

मी इथं थोडी थांबते, कारण या जागी मी आयुष्यभर थांबत आले आहे. ते बोलणारच होते का? आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी काठी बसवर आपटली असती का? बाबा पुढं खूप जगले. आमच्यात बोलणंही पुष्कळ झालं. हा प्रश्न मी कधी विचारला नाही आणि त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही. आता मुलाच्या गाडीला खालून लेप द्यायचा म्हणून मी त्याच्याबरोबर कधी गेले तर तिथं गाडी दोन खांबांवर उंच उचलतात, आणि काम करणारा पोरगा खाली उजेडात, पंख्याच्या वाऱ्यात उभा असतो. मुलगा म्हणतो, आई, तू आत बस. मी बाहेरच बसते. इंजिन चालू झालं की मात्र उठून रस्त्यावर जाते.

त्या दिवसानंतर मी खड्ड्यात उतरले नाही. मी भांडले नाही. सकाळी मायनं चिंधी आणली नाही आणि मी शर्ट घातला नाही, एवढंच. बाबांनीही म्हटलं नाही. अर्धं काम झालेली खानचाचांची बस अंगणात एका बाजूला उभी राहिली. खानचाचा न्यायला आले नाहीत. आणखी एक ट्रक आला, बाबांनी परत पाठवला. घरात ताटं वाढली जायची, वरण, भाकर, कांदा, सगळं रोजच्यासारखं, पण भाकर मोडल्याचाही आवाज ऐकू यावा असं जेवण. एका रविवारी बाबा विहारात जायला निघाले. माय चुलीपासून उठली नाही, तिथूनच म्हणाली, "आज तथी काय सांगसान लोकाइले?" बाबांनी दारात काढून ठेवलेल्या वहाणा पुन्हा पायात घातल्या नाहीत. शर्ट उतरवून खुंटीला लावला आणि अंगणात गेले.

थोड्या वेळानं खड्ड्याकडून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. बाबा पायऱ्यांवरून बसत बसत, ताठ पाय पुढं सोडून, खाली गेले होते. तळाशी भिंतीला पाठ लावून बसले होते. काठी वरच राहिली होती. खड्डा मोकळा होता, वर आकाश होतं, तरी त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. माय काठावरून म्हणाली, "काय करून राह्यले तुमी तथी?" त्यांनी विटांवरून हात फिरवला. मी कोपऱ्यात कोळशानं, गंमत म्हणून, वेळ घालवायला, लहान मुलांची मुळाक्षरं लिहिली होती, कितीतरी, एकाखाली एक. ती ते बघत होते. मग म्हणाले, "लय गरम होते व इथी."

त्यांना स्वतःहून उठता आलं नाही. मी खाली उतरले, माय वरून धरत होती, मी खालून ढकलत होते. ते माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून एकेक पायरी चढले. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता. वर आल्यावर त्यांनी माझा खांदा लगेच सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच अमरावतीला गेले. ट्रेनिंग शाळेच्या बाईंना काय सांगितलं मला माहीत नाही, पण जूनमध्ये मला बसवून घ्यायचं ठरवून आले. खानचाचांच्या बसचं उरलेलं काम भुसावळहून रजेवर आलेल्या दादानं केलं. पुढं बाबांनी पातूरकडचा एक माणूस ठेवला, तो टिकला. बस असली की खड्ड्यात माणूस असताना इंजिन चालू करायचं नाही, असं ते आता येणाऱ्या प्रत्येकाला आधीच, मोठ्यानं सांगायचे.

मी निघाले त्या दिवशी बाबा मला पोचवायला एसटी स्टँडवर आले. माय घरीच रडली, तिनं बरोबर सांडगे आणि तिखट बांधून दिलं होतं. बसचा ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचा निघाला. "काय हवालदार, कोण जाऊन राह्यलं?" त्यानं विचारलं. मी खिडकीजवळ बसले होते. बाबा काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, "माही पोरगी हाय. दोन साल माह्याकडे जेवढ्या गाड्या आल्या, त्याइचं खालचं सारं काम हिनं केलं." ड्रायव्हर हसला, त्याला ती थट्टा वाटली. "खरं सांगून राह्यलो," बाबा म्हणाले, विहारातल्या त्या आवाजात, पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं. "म्या नाई केलं. हिनं केलं."

माझे कान तापले. अभिमान होता, आणि त्याहून जास्त राग. हे वाक्य इतकं सोपं होतं. ते कुठल्याही दिवशी, कुठल्याही गिऱ्हाइकासमोर बोलता आलं असतं. बाबा खिडकीशी आले. त्यांना काहीतरी ऐकायचं होतं माझ्याकडून. बस हलली, ते दोनचार पावलं बरोबर चालले आणि थांबले.

मूर्तिजापूर येईपर्यंत मी तोंड खिडकीकडं करून बसले होते. शेजारच्या बाईला राहवलं नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "कावून रडून राह्यली व बाई? सासरी चालली काय?"

"नाई," मी म्हटलं. "शाळेत."